आडवाटेनं आलेली माणसं मनोरंजनाच्या धंद्यात वेगळं काय करतात?

१९५५ साली बेरी गॉर्डी डेट्रॉईटमध्ये मोटारींच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर काम करत होते. वय पंचविशीच्या आसपास. तोवर बॉक्सिंग करून झालं होतं, सैन्यात जाऊन कोरियाहून परत येऊन झालं होतं, आणि जॅझच्या रेकॉर्डचं दुकान काढून ते बंद करायची वेळही येऊन गेली होती. १९५९ मध्ये कुटुंबाच्या सामाईक बचतीतून ८०० डॉलर उसने घेऊन त्यांनी स्वतःची रेकॉर्ड कंपनी सुरू केली. ती पुढे मोटाउन या नावानं जगभर गाजली. स्मोकी रॉबिन्सन, डायना रॉस, मार्विन गे, स्टीव्ही वंडर ही गायक मंडळी तिथूनच पुढे आली.

अशी हकिगत वाचली की ‘संघर्षातून माणूस घडतो’ असं म्हणून आपण मोकळे होतो. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. त्याच कारखान्यात गॉर्डींच्या आजूबाजूला असंख्य माणसं राबत होती, त्यांच्याही वाट्याला कष्ट आणि अपयश आलंच असणार. मग गॉर्डींच्या आयुष्यातलं नेमकं काय त्यांच्या कामात उतरलं आणि कसं उतरलं, हे पाहायला हवं. हा प्रश्न सगळ्याच मनोरंजन उद्योगाला लागू पडतो. निर्माते, दिग्दर्शक, स्टुडिओ किंवा म्युझिक कंपनी चालवणारे लोक यांच्यात आडवाटेनं आलेल्या माणसांची संख्या लक्षात येण्याइतकी मोठी आहे.

आधी ‘सर्जनशील नेतृत्व’ या जड शब्दाचं ओझं थोडं हलकं करू. गायक गातो, नट अभिनय करतो, लेखक लिहितो. नेतृत्व करणाऱ्याचं काम वेगळ्या जातीचं असतं. कुणाला संधी द्यायची, कुठली संहिता उचलायची, पैसा कशावर खर्च होऊ द्यायचा, दोन गुणी माणसांचं जमेनासं झालं तर कुणाचं ऐकायचं, आणि काम पुरेसं चांगलं झालंय हे कोणी व कधी ठरवायचं, हे निर्णय त्याला घ्यावे लागतात. या धंद्यात उद्या काय चालेल हे कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही. त्यामुळे असे निर्णय घेताना माणूस स्वतःच्या अनुभवाच्या शिदोरीत हात घालतो. सगळेच एका वाटेनं वर आलेले असले तर सगळ्यांचे अंदाज सारखे निघतात आणि चुकाही सारख्याच होतात.

आता पुन्हा गॉर्डींकडे. त्यांचं दुकान बुडालं त्याचं कारण साधं होतं. त्यांना स्वतःला जॅझ आवडायचं, पण दुकानात येणारं गिऱ्हाईक ब्लूज मागायचं. आपली आवड आणि समोरच्याची मागणी यांत अंतर असू शकतं, हे त्यांना स्वतःचे पैसे घालवून कळलं. मग कारखान्यात त्यांनी पाहिलं की नुसता सांगाडा एका टोकानं आत येतो, प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी आपापलं काम त्यावर करतो आणि दुसऱ्या टोकानं नवीकोरी गाडी बाहेर पडते. गाणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत आपल्याला हेच करायचं होतं, असं त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. कुणालाही ठाऊक नसलेला मुलगा एका दारातून आत यावा आणि दुसऱ्या दारातून तारा होऊन बाहेर पडावा.

मोटाउनची रचना पाहिली की हे नुसतं बोलणं नव्हतं हे पटतं. गाणी लिहिणारे पगारी लोक, ठरलेला वादकांचा संच, नाच बसवणारे नृत्यदिग्दर्शक, रंगमंचावर कसं उभं राहायचं आणि मुलाखतीत कसं बोलायचं हे शिकवणाऱ्या बाई, अशी साखळी होती. दर आठवड्याला गुणवत्ता तपासणीची बैठक भरायची, अगदी कारखान्यात असते तशी. तयार झालेली गाणी वाजवली जायची, त्यावर मतदान व्हायचं, आणि मालकाच्या स्वतःच्या गाण्यालाही त्याच चाळणीतून जावं लागायचं. गॉर्डी तिथे विचारायचे: खिशात शेवटचा डॉलर उरलाय आणि भूकही लागलीय, तर तुम्ही ही रेकॉर्ड घ्याल की सँडविच? हा प्रश्न ज्याचं दुकान बुडालंय त्यालाच सुचणार.

इथे मला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं ते सांगतो. गॉर्डींचा अनुभव त्यांच्या डोक्यात एक आठवण म्हणून पडून राहिला नाही. त्याची त्यांनी एक पद्धत केली, आणि ती पद्धत ज्यांनी कधी कारखाना पाहिला नव्हता त्यांनाही वापरता आली. कलावंताला स्वतःचा अनुभव स्वतःच्या कामात ओतला तरी पुरतं. नेतृत्व करणाऱ्याचं तेवढ्यानं भागत नाही, त्याला तो अनुभव इतरांच्या हाती देता यावा लागतो. आडवाटेनं आलेल्या प्रत्येकाला हे जमत नाही.

या सगळ्यामागे मनाची कुठली यंत्रणा काम करते, यावर काही अभ्यास झालेले आहेत. नेदरलँड्समधल्या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही लोकांना आभासी जगात फिरवलं. तिथे भौतिकशास्त्राचे नियम उलटेपालटे केलेले होते. उदाहरणार्थ, टेबलावरच्या सुटकेसच्या दिशेनं चालत गेलं की ती मोठी दिसण्याऐवजी लहान होत जायची. नंतर या लोकांना एका प्रश्नाची जमतील तितकी उत्तरं सुचवायला सांगितलं, तर त्यांची उत्तरं जास्त वेगवेगळ्या प्रकारची निघाली. मात्र हाच विचित्र प्रकार ज्यांनी नुसता व्हिडिओवर पाहिला, त्यांच्यात तेवढा फरक पडला नाही. म्हणजे अनुभव स्वतःच्या अंगावरून जावा लागतो. परदेशवासाबद्दलचे अभ्यासही त्याच दिशेला बोट दाखवतात. परदेशात राहिलेल्या लोकांमध्ये सर्जनशीलता जास्त आढळली, पण नुसता प्रवास करून आलेल्यांच्या बाबतीत तसा संबंध दिसला नाही. तिथे राहायचं म्हणजे भाषा अडते, साधी कामं अडतात, आपण गृहीत धरलेल्या गोष्टी चालेनाशा होतात आणि माणसाला नव्यानं जुळवून घ्यावं लागतं. विचारांतली लवचीकता त्या जुळवून घेण्यातून येत असावी.

२०१५ मधला एक अभ्यास आपल्या विषयाच्या आणखी जवळ जातो, कारण तो थेट सर्जनशील प्रमुखांबद्दल आहे. क्षेत्र मात्र सिनेमाचं नाही, फॅशनचं आहे. जगातल्या मोठ्या फॅशन कंपन्यांचे २१ हंगाम संशोधकांनी तपासले. सर्जनशील दिग्दर्शकानं परदेशात काम केलेलं असेल तर त्या कंपनीच्या कामाला सर्जनशीलतेचे गुण जास्त मिळत होते. पण किती देशांत काम केलं यापेक्षा परदेशात किती खोलवर, किती वर्षं काम केलं याचा परिणाम मोठा होता. देशांची संख्या एका मर्यादेपलीकडे वाढली की फायदा उलट कमी व्हायला लागायचा. मला हे फार पटतं. दर सहा महिन्यांनी काहीतरी नवं करून पाहणाऱ्याच्या परिचयात रंगीबेरंगी ओळी खूप जमतात, पण एकाही क्षेत्रातलं कौशल्य हाताला लागलेलं नसतं.

खोलवर मुरलेल्या अनुभवांची बेरीज कशी होते हे पाहायचं तर दादासाहेब फाळक्यांसारखं उदाहरण नाही. भारतीय चित्रपटाचे जनक एवढं आपण शाळेत शिकतो, पण त्याआधीची सुमारे वीस वर्षं कुणी नीट सांगत नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण. गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय, तो प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल गेल्यावर सोडून दिलेला. मग पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी. मग शिळाछपाई, छापखाना, रंगीत छपाईचं तंत्र शिकायला आणि यंत्र आणायला १९०९ मध्ये जर्मनीचा प्रवास. मधल्या काळात जादूचे प्रयोग, तेही फाळके हे आडनाव उलटं फिरवून ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं. आणि भागीदाराशी बिनसल्यामुळे सोडावा लागलेला छापखाना.

त्या काळी नातेवाइकांनी या यादीला धरसोड म्हटलं असेल तर नवल नाही. पण १९१२ मध्ये फाळके इंग्लंडहून परतले तेव्हा सिनेमासाठी लागणारं जवळजवळ प्रत्येक काम त्यांच्या हाताखालून आधीच गेलेलं होतं. रसायनं, भिंगं, चित्राची चौकट, नेपथ्य, वेषभूषा, आणि प्रेक्षकाची नजर कुठे खिळवायची व कुठून काढायची ही जादूगाराची विद्या. भांडवल देणाऱ्यांना पटवण्यासाठी त्यांनी कुंडीतलं रोप रुजून वाढतानाची दृश्यं एकेक चौकट करत महिनाभराहून जास्त काळ टिपली आणि ती सलग फिरवून दाखवली. आपल्या समोरच्या धनिकाला युक्तिवादानं पटणार नाही, चमत्कार दाखवावा लागेल, हे त्यांच्यातल्या जादूगारानं ओळखलं असावं असं मला वाटतं. ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला. त्यामागे सरस्वतीबाई फाळके यांचंही काम होतं. फिल्मवर प्रक्रिया करण्यापासून सगळ्या चमूच्या जेवणापर्यंत त्यांनी सांभाळलं. कुठल्याही शाळेत न शिकवलेलं तंत्र त्या घरात करत करत आत्मसात केलं गेलं.

फाळक्यांची अडचणही त्याच गुणातून आली असं मला वाटतं. ज्याला सगळं स्वतःच्या हातानं येतं त्याला दुसऱ्याच्या अटी मानणं जड जातं. १९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, पण भांडवलदार भागीदारांशी त्यांचं पटलं नाही. ते कंपनी सोडून काशीला गेले, तिथे नाटक लिहिलं आणि काही काळानं परत आले. छापखान्यातल्या भागीदारीची जवळजवळ पुनरावृत्तीच. कौशल्यांची बेरीज झाली म्हणून माणसं सांभाळण्याची कला आपोआप येत नाही, आणि कंपनी चालवायला दोन्ही लागतं.

हॉलिवूडचे संस्थापक या बाबतीत फाळक्यांच्या अगदी विरुद्ध टोकाला होते. त्यांना सिनेमाच्या तंत्राचं फारसं काही येत नव्हतं. कार्ल लेमली कपड्यांच्या दुकानाचे व्यवस्थापक होते, त्यांनी पुढे युनिव्हर्सल उभारली. अडॉल्फ झुकर फरचे कपडे बनवायचे, त्यांच्या हातून पॅरामाउंट उभी राहिली. सॅम्युएल गोल्डविन हातमोज्यांचे विक्रेते होते. बहुतेक जण युरोपातून आलेले ज्यू स्थलांतरित, आणि प्रतिष्ठित धंद्यांची दारं त्यांच्यासाठी सहज उघडी नव्हती. सिनेमा तेव्हा हलका धंदा समजला जायचा, म्हणून तिथे त्यांना शिरता आलं. सोबत त्यांनी दुकानदाराची नजर आणली. झुकर प्रेक्षागृहात बसून पडद्याऐवजी लोकांचे चेहरे न्याहाळत असत. त्या वेळी पेटंटच्या जोरावर अमेरिकी सिनेमा ताब्यात ठेवणाऱ्या कंपन्या मानायच्या की प्रेक्षक लांबलचक चित्रपट बसून बघणार नाही. झुकर यांनी १९१२ मध्ये फ्रेंच अभिनेत्री सारा बर्नहार्ट यांचा मोठ्या लांबीचा चित्रपट अमेरिकेत आणला आणि तो चालला. त्याच कंपन्या नटनट्यांची नावंही जाहीर करत नसत. लेमलींनी १९१० मध्ये अभिनेत्री फ्लॉरेन्स लॉरेन्स यांना आपल्याकडे आणून त्यांच्या नावाचा धूमधडाक्यात गाजावाजा केला. गिऱ्हाईक माल नावानं मागतं, हे दुकानदाराला वेगळं शिकवावं लागत नाही.

कधी कधी आयुष्य एवढंच ठरवतं की काम कुणासाठी करायचं. सेनेगलचे लेखक-दिग्दर्शक उस्मान सेंबेन कोळ्याचे पोर. शाळा अर्धवट सुटली. गवंडीकाम केलं, दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात होते, नंतर फ्रान्समधल्या मार्सेच्या बंदरात गोदी कामगार झाले आणि कामगार संघटनेत रमले. लिहायला तिथेच लागले, १९५६ मध्ये पहिली कादंबरी फ्रेंचमध्ये आली. पण ज्यांच्याबद्दल ते लिहीत होते त्यांतल्या बहुतेकांना वाचताच येत नव्हतं. म्हणून चाळिशीच्या उंबरठ्यावर ते मॉस्कोला जाऊन सिनेमा शिकले. १९६८ मध्ये त्यांनी वोलोफ भाषेत चित्रपट केला, म्हणजे गावातल्या माणसाला पडद्यावरचं बोलणं कळावं. चित्रपट घेऊन ते गावोगाव जात आणि खेळ झाल्यावर लोकांशी चर्चा करत. यातली भाषेची निवड, विषयाची निवड आणि चित्रपट दाखवायची रीत, तिन्ही निर्णय गोदीतल्या आणि संघटनेतल्या दिवसांशी जोडलेले आहेत.

अमेरिकेत एव्हा डुव्हर्ने यांची वाट वेगळी, पण निर्णय त्याच जातीचा. दिग्दर्शनाआधी दहा वर्षांहून जास्त काळ त्या चित्रपटांच्या प्रसिद्धीचं काम करत होत्या, स्वतःची एजन्सी चालवत होत्या. चांगला चित्रपट प्रेक्षकापर्यंत न पोचता कसा मरतो हे त्यांनी जवळून पाहिलेलं. त्यामुळे चित्रपट बनवायला लागताच त्यांनी वितरणाची सोयही उभी केली. कृष्णवर्णीयांच्या चित्रपट महोत्सवांना आणि संस्थांना एकत्र जोडून आपले आणि इतरांचे चित्रपट चित्रपटगृहांत लावले. २०१२ मध्ये सनडान्स महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या. पुरस्काराची बातमी सगळीकडे झाली, पण वितरणाच्या जाळ्याकडे कमी लोकांचं लक्ष गेलं. मला ते जाळं जास्त मोलाचं वाटतं, कारण त्यातून दुसऱ्यांनाही रस्ता मिळाला.

संगणकावर ॲनिमेशनपट बनवणाऱ्या पिक्सार या स्टुडिओचे एक संस्थापक एड कॅटमल यांचं उदाहरण थोडक्यात. लहानपणी त्यांना ॲनिमेटर व्हायचं होतं, पण चित्रकलेत आपला निभाव लागणार नाही असं वाटल्यानं ते भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्राकडे वळले. युटा विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत त्यांनी खुल्या चर्चेचं वातावरण अनुभवलं. तिथे कल्पनेवर टीका व्हायची, माणसावर नाही. पिक्सारमध्ये दिग्दर्शकाला अधूनमधून इतर अनुभवी दिग्दर्शकांसमोर कच्चा चित्रपट दाखवावा लागतो. ते स्पष्ट मतं देतात, पण त्यांचं ऐकलंच पाहिजे असं बंधन दिग्दर्शकावर नसतं. शास्त्रज्ञांची सवय सिनेमाच्या खोलीत आली ती अशी.

आतापर्यंत मी चांगलंच सांगितलं. पण या विषयातला जो भाग सहसा गाळला जातो, तो मला सांगावासा वाटतो. ज्या अनुभवानं माणूस मोठा होतो, तोच अनुभव पुढे त्याच्या डोळ्यांवर झापड आणतो.

गॉर्डींच्या साखळीतून सलग दहा वर्षं यशस्वी गाणी निघाली. मग मार्विन गे यांनी युद्ध, पोलिसांची दडपशाही आणि समाजातल्या अस्वस्थतेवरचं ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ आणलं, तेव्हा ते चालणार नाही असं गॉर्डींचं मत पडलं. आपली मोजपट्टी लावून पाहिली तर त्यांचं बरोबरच होतं, ते गाणं त्या साच्यातलं नव्हतंच. गे यांनी ते बाहेर येईपर्यंत पुढचं काम करायला नकार दिला. जानेवारी १९७१ मध्ये ते आलं आणि प्रचंड गाजलं. गॉर्डींनी लगोलग पूर्ण अल्बमला मान्यता दिली. त्याच वर्षी स्टीव्ही वंडर २१ वर्षांचे झाले आणि नवा करार करताना त्यांनी आपल्या संगीतावर स्वतःचा ताबा मागून घेतला. ज्या चाळणीनं कंपनी उभी राहिली, तिच्यातून पुढचं सर्वोत्तम संगीत जात नव्हतं. गॉर्डींचं मोठेपण असं की समोर पुरावा आल्यावर ते अडून बसले नाहीत.

दुसरा धोका यापेक्षा वाईट. खडतर वाटेनं वर आलेली काही माणसं आपल्या कष्टांनाच दीक्षा समजायला लागतात. मी उपाशी राहिलो, मग तूही राहा. मी रात्ररात्र सेटवर काढली, मग तुलाही झोप कशाला? असा नेता अनुभवातून पद्धत काढत नाही, तो आपलं दुःख तेवढं पुढच्याच्या अंगावर टाकतो. अशा चमूत माणसं घाबरून गप्प बसतात, आणि जिथे कुणी बोलत नाही तिथे वाईट कल्पना शेवटपर्यंत तग धरते. कुणाच्या वागण्यातला जाच ‘तो फार सोसून वर आलाय’ या सबबीखाली झाकला जातो, तेव्हा मला मनापासून राग येतो.

आणि एक हिशेब आपल्याकडून राहून जातो. वर सांगितलेली सगळी माणसं यशस्वी झाली म्हणून आपल्याला माहीत आहेत. तशाच वळणांचं आयुष्य जगून कुठेच न पोचलेल्यांच्या हकिगती कुणी लिहून ठेवलेल्या नाहीत. म्हणून ‘नोकरी सोडा, भटकून या, मग प्रतिभा फुलेल’ असा सल्ला कुणी देत असेल तर तो ऐकू नका. गॉर्डींच्या मागे बचत करणारं कुटुंब होतं. फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, म्हणजे टाकायला पॉलिसी तरी होती, आणि घरात सरस्वतीबाई होत्या. धोका पत्करताना खाली काहीतरी आधार असणं हा या सगळ्या कथांचा मोठा भाग आहे.

तुम्ही एखाद्या चमूसाठी माणूस निवडत असाल तर ‘तुम्ही किती वेगळं जगलात’ हे विचारून फारसं हाती लागणार नाही, गोष्ट रंगवून सांगणारे पुष्कळ भेटतात. त्याऐवजी आधीच्या कामातली कुठली रीत त्यांनी या कामात आणली, तिच्यामुळे इतरांचं काम कसं बदललं, आणि ती रीत कधी फसली, हे विचारा. तिसऱ्या प्रश्नावर जो नीट बोलू शकतो त्याच्याकडे लक्ष द्या.

पण अशी माणसं निवडीच्या टेबलापर्यंत पोचायला हवीत ना? या धंद्यात सुरुवात करायची तर बहुधा ओळख लागते किंवा बिनपगारी उमेदवारी करावी लागते, आणि महिनोन् महिने बिनपगारी काम ज्याच्या घरी पैसा आहे त्यालाच परवडतं. नवोदितांच्या कित्येक योजनांना वयाची अट असते. डुव्हर्ने यांनी पहिल्यांदा कॅमेरा हातात घेतला तेव्हा त्या ३२ वर्षांच्या होत्या, आणि सेंबेन मॉस्कोत विद्यार्थी म्हणून बसले ते त्याहून मोठ्या वयात. उमेदवारीला पगार द्या आणि ‘नवोदित’ हे वयावरून न ठरवता कामाच्या सुरुवातीवरून ठरवा, या दोन सुधारणा करायला कुठल्याच कंपनीला प्रतिभा लागत नाही.